तीन बोटांची खवणी

मित्रांनो, मी एक जुनी खवणी. नारळ खवायची, हाताने फिरवायची, साधी. माझ्या पायाला एक पांढरी चिठ्ठी चिकटलेली आहे आणि तिच्यावर ‘निशाणी क’ असं लिहिलंय. नलिनीने ती खोबरेल चोळून, नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला. पण कचेरीतला डिंक, तो कसला निघतोय! अर्धी फाटली, अर्धी राहिली. आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं गोड नाही. जन्मभर नारळात दात घालूनही ते गोड झालं नाही, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या पुस्तकातली जुनी छत्री आणि जुनी सायकल शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कांदिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. गाळा बाळा मेस्त्रीचा. बाळाचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तेव्हा पोराने लेथ मशीन चालवायला शिकून घर उभं केलं. लोखंड कापणं, भोकं पाडणं, आटे पाडणं, दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करून देणं, हेच त्याचं काम. बोलायला कमी, हाताला हुशार. आणि एक खोड. कुणीही गाळ्यात डोकावून ‘काय चाललंय बाळा?’ म्हटलं की हा काम थांबवून सगळं उलगडून दाखवणार. गाळ्याचं शटर कायम सताड वर. आतला माणूस काय करतो ते रस्त्यावरच्या मांजरालासुद्धा माहीत असायचं.

आठेक वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, नलिनीच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सहा महिन्यांत सुधारला, हात नाही सुधारला. ती हार मानणारी बाई नव्हे. एका हाताने कपडे वाळत घालायला शिकली, एका हाताने मासे साफ करायला शिकली. नारळ तर ओट्याच्या कडेवर असा आपटायची की एका घावात दोन वाट्या. पण पुढे काय? खवायचा कसा? एका हाताने वाटी धरायची, तर दुसऱ्या हाताने फिरवायचं कुणी? आणि मालवणी घर म्हणजे सकाळ-संध्याकाळ ओलं खोबरं. मग ती त्या दोन वाट्या घेऊन शेजारच्या वनमालाच्या दारात उभी राहायची.

वनमाला चांगली बाई, कधी नाही म्हणाली नाही. पण एक दिवस ती म्हणाली, “ठेव गं तिथे, हातातलं आटपून देते.” आणि हातातलं आटपेपर्यंत दुपारचे दोन वाजले. त्या दिवशी मेस्त्र्यांच्या घरी माशाची आमटी खोबऱ्याशिवाय झाली. बाळा जेवला, मुलगी मानसी जेवली, कुणी अवाक्षर काढलं नाही. ते कुणी काही बोललं नाही, हेच नलिनीला लागलं. ताट तसंच ठेवून ती उठली.

बाळा दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या मागे लागला. मी एका फटक्यात झाले असं समजू नका. माझ्या आधी दहा जणी झाल्या आणि भंगारात गेल्या. एकीने वाटी इतकी आवळली की करवंटी फुटली. एकीने इतकी सैल धरली की वाटी उडून बाळाच्या कपाळाला लागली. तीन टाके पडले. मग त्याला सुचलं. वाटी धरायला पोलादी पट्टीची तीन बोटं, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली, आणि त्या बोटांची गाठ थेट मुठीशी. मूठ जेवढी जोरात फिरवाल, तेवढी बोटं आपोआप आवळणार. मूठ थांबली की बोटं सैल. म्हणजे धरणारा हात आणि फिरवणारा हात एकच. एवढंच आहे माझ्यात, मित्रांनो. पण हे एवढंच त्याआधी कुणाला सुचलं नव्हतं.

बाळाने मला घरी आणून ओट्यावर बसवलं आणि बाजूला उभा राहिला. नलिनीने वाटी अडकवली, मूठ फिरवली. पांढरं शुभ्र खोबरं ताटलीत पडायला लागलं. एक वाटी झाली, दुसरी झाली. तिने दुसरा नारळ फोडला. मग तिसरा.

“अगो, पुरे! एवढ्या खोबऱ्याचं करायचं काय?” बाळा म्हणाला.

“गप रवा हो तुमी,” ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हात थांबायला तयार नाही. घरातले चारही नारळ संपले तेव्हा थांबली. पुढचे तीन दिवस अख्खी चाळ नारळाच्या वड्या खात होती, आणि पहिली ताटली वनमालाला गेली.

आपल्याकडे घरात नवं भांडं आलं की त्यावर नाव घालतात. बाळाने माझ्या पितळी पट्टीवर घालून घेतलं: ‘सौ. नलिनी बा. मेस्त्री, संक्रांत २०१९’. ते नाव मिरवत मी त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर बसले. प्रत्येकीने एक हात पाठीमागे धरून मला फिरवून पाहिलं. ‘अय्या!’ आणि ‘झकास गं!’ ऐकून माझे कान किटले. खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

आणि मग मुलुंडचा तो दिवस आला. बाळाच्या गावच्या मुंबईकरांचं एक ग्रामस्थ मंडळ आहे. दर वर्षी एक हॉल घेतात, त्या वर्षी मुलुंडला घेतला होता, सत्यनारायण घालतात, दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसं देतात आणि जाहिराती गोळा करून स्मरणिका काढतात. मंडळाचा चिटणीस नंदकिशोर, हौशी माणूस. त्याने ठरवलं की यंदा स्मरणिकेत बाळावर लेख पाहिजे, ‘आमच्या वाडीचा संशोधक’ असा. आणि लेखाबरोबर माझी आकृती.

“बाळा, मापं पण टाकूया ना रे,” तो म्हणाला. “गावाकडे कुणाला करून घ्यायची असली तर?”

“टाक की,” बाळा म्हणाला. “आपल्याला काय लपवायचंय?”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्याने बसून माझं एकेक माप लिहून दिलं: बोटांची लांबी, आट्यांची संख्या, मुठीचा व्यास. छापून आल्यावर कार्यक्रमात तीनशे प्रती वाटल्या. स्टेजवर बाळाला शाल-श्रीफळ दिलं, आणि नलिनीने ते श्रीफळ त्याच्या हातातून घेतलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सगळ्यांसमोर माझ्यावर खवून दाखवलं. हॉल उभा राहिला, मित्रांनो. बाळाला रडू आवरेना, म्हणून तो शाल नीट करायचं सोंग करत राहिला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. आणि कायद्याच्या हिशोबाने आमची वाट लागली तीही त्याच दिवशी.

पुढचं दीड वर्ष झकास गेलं. नलिनी व्यायामाला जायची त्या रुग्णालयातल्या बाईंनी मला पाहिलं आणि एकेक माणूस कांदिवलीच्या गाळ्यात यायला लागला. बोरिवलीचा एक कंडक्टर, घाटकोपरची एक शाळामास्तरीण, कुर्ल्याची एक पोळीभाजी केंद्रवाली. प्रत्येकाचा हात वेगळा, प्रत्येकाची अडचण वेगळी. बाळा हाताचं माप घेऊन करून द्यायचा. माझ्या अशा चाळीसेक बहिणी झाल्या.

याच दिवसांत पवईहून देवव्रत आला. तिशीतला, मोठ्या कॉलेजातून शिकलेला, अपंगांसाठी वस्तू करणारी छोटी कंपनी काढलेला. बोलायला अदबशीर. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. “काका, हे भारी आहे. हे कुणाला सुचलंच कसं नाही?” बाळाने त्याला चहा पाजला आणि नेहमीच्या खोडीने सगळं उलगडून दाखवलं. एवढंच नाही, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकृती काढून दिली.

“काका, पेटंट घ्या याचं,” देवव्रत जाताना म्हणाला. “नाहीतर कुणीतरी चोरेल.”

“चोरायचंय काय त्यात? मी तर देतोच आहे,” बाळा हसून म्हणाला.

त्याने निदान सांगितलं तरी होतं, हे मान्य करते. पुढे फोन करतो म्हणाला. फोन आला नाही.

मानसी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात नोकरीला. तिने मात्र ते पेटंटचं डोक्यात घेतलं. “बाबा, तुम्ही एवढं डोकं चालवलंत, नाव तरी लागूदे ना तुमचं!” वर्षभर मागे लागून शेवटी ती आम्हाला अंधेरीला घेऊन गेली. पेटंटचं काम करणाऱ्या रेवतीबाईंच्या कचेरीत. बाळाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्याच्या पिशवीत होते, आणि माझ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती स्मरणिका.

रेवतीबाई भली बाई. मला फिरवून पाहिलं, कौतुक केलं. मग विचारलं, “काका, हे आधी कुठे दाखवलंय का? कुठे छापून वगैरे आलंय?”

बाळाला वाटलं, पुरावा मागतायत. त्याची छाती फुगली. “आलंय तर!” त्याने स्मरणिका काढून टेबलावर ठेवली. “हे बघा. मापांसकट. वर तारीखपण आहे.”

रेवतीबाईंनी पान वाचलं आणि हळूच मिटलं. “काका, कसं सांगू तुम्हाला? पेटंट म्हणजे एक सौदा असतो. तुम्ही तुमची नवी गोष्ट सगळी उघड करून सांगायची, आणि त्याच्या बदल्यात सरकार वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ती करू देत नाही. पण अर्ज करायच्या दिवशी ती नवी पाहिजे. जगाला आधीच माहीत असेल तर ती नवी नाही.”

“पण जगाला मीच सांगितलं ना?”

“हो. पण आधी सांगितलंत.”

“म्हणजे लपवून ठेवली असती तर माझी झाली असती? आणि सगळ्यांना दिली म्हणून माझी नाही?”

बाळाने ती स्मरणिका उचलली. इमारतीचा जिना उतरता उतरता दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि त्याने तिचे उभे, मग आडवे तुकडे केले. “बाबा, अहो काय करताय!” मानसी ओरडली. पण तोवर तुकडे कोपऱ्यातल्या पान थुंकायच्या डब्यात गेले होते. शांत माणसाचा राग, तो असा वर्षातून एकदाच येतो आणि नको तिथे येतो. मी पिशवीतून पाहत होते. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते, की अरे वेड्या, फाडू नकोस.

तरीही बाळाचं काम चालू राहिलं. पेटंट नाही तर नाही. अडीच वर्षांनी एक दिवस बोरिवलीहून मीरा आली. पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात प्रेसखाली तिचा उजवा हात मनगटापासून गेला होता. तिच्या पिशवीत एक रंगीत डबा होता. तिने उघडला, आणि मित्रांनो, आत मी होते! प्लास्टिकची, नारिंगी रंगाची, गोजिरी. पण तीच तीन बोटं, तीच मुठीशी गाठ. डब्यावर देवव्रतच्या कंपनीचं नाव आणि खाली पेटंटचा नंबर.

“चांगली आहे हो,” मीरा म्हणाली, “पण उजव्या हाताची आहे. माझा डावाच राहिलाय. उलटी फिरवली की बोटं सुटतात. कंपनीला फोन केला तर म्हणाले, डाव्या हाताची काढत नाही, गिऱ्हाईक कमी. तुम्ही द्याल का करून? परत पोळ्या-भाज्यांच्या ऑर्डरी घ्यायच्यात मला.”

“देतो की. दोन दिवसांनी या,” बाळा म्हणाला. पेटंटचा नंबर त्याने बोट ठेवून दोनदा वाचला होता. पण तिच्या हाताचं माप घ्यायला विसरला नाही. त्याच संध्याकाळी त्याने डाव्या हाताच्या आट्यांचं काम सुरू केलं. अर्धी खवणी झाली आणि देवव्रतच्या कंपनीची नोटीस आली. आमच्या पेटंटमधली पकड वापरून आपण खवण्या करता, त्या ताबडतोब बंद कराव्यात, नाहीतर कोर्टात खेचू. चांगल्या जाड कागदावर.

चार दिवसांनी देवव्रत स्वतः गाळ्यात आला. खरंच आला, तोंड लपवलं नाही. “काका, नोटीस वकिलांची असते, मनावर घेऊ नका. मी केस नाही करणार. फक्त तुम्ही थांबा.”

“माझीच वस्तू मी करायची थांबवू?”

“काका, ऐका ना. पेटंट नसतं तर मला कुणी पैसेच दिले नसते. साचेच केवढ्याचे असतात, तुम्हाला माहीत आहे. आज चाळीस हजार घरांत खवणी गेलीय. तुम्ही इतक्या वर्षांत किती केल्यात?”

“असतील पन्नासेक.”

“मग लोकांचं भलं कशात आहे, तुम्हीच सांगा.”

याचं उत्तर मला अजून येत नाही, म्हणून तर मी कडू झालेय. चाळीस हजार नलिनी! त्या चाळीस हजार जणी कुणाच्या दारात दोन वाट्या घेऊन उभ्या राहत नाहीत. हे पेटंटने झालं, मी नाही कसं म्हणू? पण मीराचं काय? तिच्यासाठी कंपनी करणार नाही आणि बाळाने करायची नाही, हा कुठला न्याय? बाळाने एवढंच विचारलं, “डाव्या हाताची कराल का तुम्ही?” देवव्रत म्हणाला, “बघू, पुढच्या वर्षी.” त्या पुढच्या वर्षाची मी अजून वाट पाहतेय.

रेवतीबाईंनी मात्र नोटीस वाचून टेबलावर हात आपटला. “काका, अहो तुमची स्मरणिका! जिच्यामुळे तुमचं पेटंट झालं नाही, तिच्यामुळेच त्यांचंही रद्द होईल. त्यांच्या अर्जाआधी दहा महिने छापलीय ती. मुदत आहे अजून, विरोध नोंदवूया. मी फी घेणार नाही. फक्त ती प्रत आणा.”

मानसीने बापाकडे पाहिलं. “फाडली मी ती,” बाळा जमिनीकडे बघत म्हणाला.

“मी त्या दिवशी एक फोटो तरी काढून ठेवायला हवा होता,” रेवतीबाई पुटपुटल्या.

मग सुरू झाली शोधाशोध. तीनशे प्रती, मित्रांनो! घरोघरी विचारून झालं. कुणी रद्दीत घातली, कुणाचं घर पुनर्विकासात पडलं तेव्हा गेली. नंदकिशोरच्या माळ्यावरचा गठ्ठा पावसात लगदा झाला. छापखाना लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पडलाच. गावच्या देवळात ठेवलेली प्रत वाळवीने खाल्ली. ‘फोटो असतील ना?’ तुम्ही विचाराल. होते की, दोनशे होते! त्यांत प्रमुख पाहुणे, हार, शाल आणि नंदकिशोरचं पोट. माझ्यासमोर कुणीतरी पुष्पगुच्छ आणून ठेवला होता. माझी नुसती मूठ दिसत होती.

शेवटी वनमालाच्या मसाल्याच्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेलं एक पान सापडलं. हळदीने पिवळं झालेलं. पण माझी आकृती ठसठशीत, एकेक माप वाचता येत होतं! वनमाला ते दोन्ही हातांत धरून धावत आली. नलिनीने तिला मिठी मारली. पान क्रमांक सत्तेचाळीस. तारीख नव्हती. तारीख मुखपृष्ठावर होती.

ते पान झालं निशाणी अ. हळदीकुंकवाच्या अकरा बायकांची प्रतिज्ञापत्रं झाली निशाणी ब. आणि मी, क. मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रेवतीबाईंच्या कचेरीतल्या वरच्या फळीवर ठेवलं. “निकाल लागेपर्यंत हिला हात लावायचा नाही,” त्यांनी बजावलं. नलिनी पुन्हा वनमालाच्या दारात जायला लागली. बाळाने तिला दुसरी करून दिली असती, एका दिवसाचं काम. पण तो म्हणाला, “नोटीस आहे. निकाल लागूदे.” असा हा कायदा पाळणारा माणूस. मीराला पण हेच सांगितलं. ती दर दोन महिन्यांनी फोन करायची, “लागला का हो काका निकाल?”

निकालाला अडीच वर्षं लागली. सुनावणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. मला खोक्यातून काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडचे वकील शांतपणे बोलले. पानावर तारीख नाही. खवणीवर साल आहे, पण भांड्यावर नाव काय, कधीही घालून घेता येतं. साक्षीदार अकरा, पण सगळ्या एका चाळीतल्या, एकमेकींच्या शेजारणी.

“देवाशपथ सांगते, मी सगळ्यांसमोर श्रीफळ खवलंय हिच्यावर!” नलिनी पडद्याकडे बघून म्हणाली. “हॉल उभा राहिला होता हो!”

तिचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. महिन्याभराने कागद आला. सबळ पुराव्याअभावी विरोध अमान्य. वर जायचा रस्ता आहे, रेवतीबाई म्हणाल्या, पण तिथेही तारीखच मागतील. बाळाने मान हलवली. “सगळ्यांना सांगा म्हणजे हक्क देतो, असं कायदा म्हणतो ना? मी तेच केलं होतं, बाई. कुणी मागायच्या आधी केलं, एवढंच.” तो मला न घेताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी नलिनी मानसीला घेऊन आली आणि मला छातीशी धरून घेऊन गेली.

घरी गेल्या गेल्या तिने वाटी अडकवली, मूठ फिरवली. अडीच वर्षांत माझं रबर वाळून कडक झालं होतं. बोटं सुटली, वाटी उडून फ्रिजखाली गेली. तिने पुन्हा लावली. पुन्हा उडाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नलिनी चिडली नाही. बाळाकडे वळून म्हणाली, “हिचा रबर बदला.” आणि वाटी उचलत, “आणि त्या मीराचं पुरं करा.”

“बाबा, रेवती मॅडमना विचारू का?” मानसी म्हणाली. “निदान दुरुस्ती तरी चालते का ते?”

“नको,” बाळा म्हणाला. “कुणाला काय विचारू नको.”

रविवारी वसाहत बंद असते. भर दुपारी बाळा मला घेऊन गाळ्यात गेला, आत शिरला आणि त्याने शटर खाली ओढलं. पार जमिनीपर्यंत. तीस वर्षांत ते शटर माणूस आत असताना बंद झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. एका दिव्याखाली त्याने माझं रबर बदललं. मग कोपऱ्यातल्या फडक्याखालची ती अर्धवट खवणी काढली, डाव्या हाताची. बाहेर कुणाची पावलं वाजली की लेथ बंद करायचा आणि श्वास रोखून उभा राहायचा. कसला चोर म्हणायचा हा? स्वतःच्याच डोक्यातली वस्तू चोरणारा!

चार वाजता मीरा आली. शटर हातभर वर झालं, ती वाकून आत आली. नारळ तिने बरोबरच आणला होता. डाव्या हाताने मूठ फिरवली आणि खोबरं पडायला लागलं. ती हसत होती आणि रडत होती, अगदी नलिनीसारखी.

“काका, नाव घालून द्या ना हिच्यावर माझं. आणि खाली तुमचं.”

“नाव नको,” बाळा म्हणाला. “तारीख पण नको. कुणी विचारलं कुठून आणली, तर माहीत नाही म्हणायचं. माझं नाव घ्यायचं नाही.” त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, तिच्या पिशवीच्या तळाशी ठेवली आणि वरून मेथीच्या जुड्या लावल्या.

मित्रांनो, आता शेवटी मी तुम्हाला काहीतरी चांगली शिकवण द्यायची असते. मग ऐका. तुम्हाला काही नवीन सुचलं तर आधी दार लावून घ्या. आईला सांगू नका, शेजारणीला दाखवू नका, हळदीकुंकवात तर मुळीच मांडू नका. आधी कागद, आधी तारीख, मग माणसं. हे मी सांगतेय, जिच्यावर भरल्या हॉलमध्ये श्रीफळ खवलं होतं ती. सांगताना मला लाज वाटते, पण खोटं शिकवण्यापेक्षा लाज बरी.

आणि एक मागणं आहे. बोरिवलीकडे कधी कुणाच्या ओट्यावर डाव्या हाताची, बिननावाची एखादी खवणी दिसली, तर तिला तिची जन्मकथा विचारू नका. ती माझी सगळ्यात धाकटी बहीण. तिला बापाचं नाव सांगायची बंदी आहे.